खानदेशातील नवी स्वयंपाकघरे

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला आपल्या समाजबांधवांची रीघ लागते. परमपूज्य बाबासाहेबांचा मुक्काम झालेल्या लांडोर बंगल्याला वंदन करायचे, संध्याकाळी धुळ्यात नातेवाइकांकडे उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव गाठायचे, हा आमचा ठरलेला प्रवास. या वाटेवरच्या वस्त्यांत अलीकडे एक चांगला बदल दिसतो. पूर्वी हातात चार पैसे आले की आधी पुढची खोली रंगायची, दूरदर्शन संच यायचा. आता स्वयंपाकघरेही नवी होऊ लागली आहेत.

जुने स्वयंपाकघर कसे होते, हे खानदेशातील माणसाला सांगायला नको. धाब्याचे घर, वर मातीचे छत, धूर जायला छतात एक भोक आणि कोपऱ्यात चूल. सरपण पऱ्हाट्यांचे. कपाशीचा मुलूख असल्याने पऱ्हाट्या मुबलक मिळतात. पण त्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. म्हणून बाईला चुलीपुढून उठता येत नसे. एका हाताने कळण्याची भाकरी थापायची, दुसऱ्या हाताने जाळ सारायचा. डोळे लाल, छातीत खोकला, कंबर वाकलेली. बाहेर ऊन ४५ अंशांपर्यंत चढलेले असले तरी भाकरी चुकत नसे.

धुळ्यात ज्या घरी आम्ही उतरलो, तिथे या उन्हाळ्यात हे सारे बदलले. कडाप्प्याचा उभा ओटा आला, वर खिडकी निघाली, धूर ओढणारा पंखा बसला. घरच्या काकू आम्हाला अहिराणीत म्हणाल्या, “आते डोयामा धूर जात नही.” एवढ्या एका वाक्यात सारा खर्च वसूल झाला!

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातले गाव. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगावच्या महारवाड्यातील लोकांनी त्यांना आग्रहाने एक रात्र ठेवून घेतले. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईनात. पाहुण्याने पायी यावे, हे वस्तीला पटेना. शेवटी वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

ज्या वस्तीने पाहुण्याचा मान एवढा जपला, तिने रोज भाकरी करणाऱ्या आईचा, सुनेचा मान का जपू नये? १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची शिकवण दिली. ती मोजणी स्वयंपाकघरापासून करायला हरकत नसावी.

मोठे घरच हवे असे नाही. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा मोजलेली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या घरकुल योजनेला तर माता रमाईचे नाव आहे. गोवऱ्या थापून संसार करणाऱ्या माउलीच्या नावाच्या घरात धूर कोंडून राहणे बरे दिसत नाही.

काम काढताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ओट्याची उंची गवंड्याने ठरवू नये. जी बाई उभी राहणार, तिच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली ओटा असावा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी आणि सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या खिडकीबरोबर खालीही जाळी हवी. पत्र्याचे छत असेल तर खिडकी समोरासमोर काढावी.

मग खापरावरच्या पुरणपोळीचे काय, असे वडीलधाऱ्या बाया विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोठ्या खापराला चुलीचाच जाळ लागतो, आणि भरताच्या वांग्यांना पऱ्हाट्यांच्या जाळावर जी चव येते ती गॅसवर येत नाही. गिरणेचा पूल ओलांडून जळगावात शिरलो, तर तिथल्या एका घरी याचे उत्तर मिळाले. त्यांनी चूल मोडली नाही, परसात उघड्यावर मांडली. सणासुदीला आणि उन्हाळ्यात बिबडे करताना ती पेटते. एरवी ओट्यावर गॅस. त्या घरी सकाळी भाकरी सून करते, संध्याकाळी वरण-भात मुलगा लावतो. ओटा उंच झाल्यामुळे त्यालाही जमते, असे सासूबाई हसत सांगत होत्या.

वाचक बंधू-भगिनींनो, धम्मदीक्षेने आपल्या घरातला देव्हारा गेला आणि तथागतांची प्रतिमा आली. घर बदलण्याचे धैर्य आपल्यात आहेच. येत्या दिवाळीच्या रंगरंगोटीचे पैसे हाती येतील, तेव्हा पुढच्या खोलीत ब्रश लावण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन बसा. भाकरी होईपर्यंत बसा. काम कुठून सुरू करायचे, ते आपोआप कळेल.