रेंज येते, रेंज जाते

मराठीत 'रेंज' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ती येते, जाते, मिळते, तुटते. कधी गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यातच तेवढी असते. इंग्रजी बोलणारे ज्याला सिग्नल म्हणतात, त्यासाठी आपण पल्ल्याचा अर्थ असलेला शब्द का निवडला, हा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना खुशाल द्यावा असा प्रश्न आहे. गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीत अमेरिकेतील युटा राज्यात दोन आठवडे हिंडताना मला मात्र ती निवड फार अचूक वाटली.

दादा-वहिनी सॉल्ट लेक सिटीजवळ राहतात. त्यांनी आर. व्ही. घेतली आहे, म्हणजे चाकांवरचे घर. ओटा, बिछाने, न्हाणीघर, सारे त्यात. दादाला कचेरीचे काम गाडीतूनच करायचे होते. मला तसे काम नव्हते. पण वाईला आई एकटी होती. वय ब्याऐंशी. एरवी मी पुण्यात असते, हाक आली की दोन तासांत पोहोचते. या वेळी दोन्ही लेकरे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होती. रोज तिच्या रात्री आठला, म्हणजे युटातल्या सकाळी साडेआठला, फोन करायचा असे ठरले होते.

दादाने सिद्धता कसून केली होती. राउटरमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे. कारण एकीचा मनोरा डोंगराआड गेला तर दुसरीचा दिसण्याची शक्यता असते. (कंपन्यांचे नकाशे सगळा प्रदेश रंगवून टाकतात, दऱ्या त्यांना मान्य नसाव्यात.) गाडीचा पत्रा रेडिओलहरी अडवतो, म्हणून अँटेना टपावर. टपावरच्या दुसऱ्या अँटेनाने क्षीण लहर पकडून ती आत मोठी करणारे बूस्टर नावाचे यंत्रही होते. त्याची बाहेरची आणि आतली अँटेना फार जवळ आली तर काय होते, हे साहित्य संमेलनाला गेलेल्या कोणालाही कळेल: ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर धरला की जी शिट्टी वाजते, तेच. फरक इतकाच, की येथे शिट्टी ऐकू येत नाही. यंत्र निमूटपणे स्वतःचा जोर कमी करते. आणि हे यंत्र असलेलेच वाढवते. मुळात शून्य असेल तर शून्यच.

त्या शून्यासाठी उपग्रहाची थाळी होती. जुने दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो आणि दोघेही एकदम बोलू लागतात. हे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे संभाषण संभाषणासारखे होते. पण ते सतत सरकत असल्याने थाळीला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. झाड आडवे आले की बोलणे तुटते. परिणामी रोज संध्याकाळी एकच वाद: वहिनीला गाडी सावलीत हवी, दादाला उन्हात. थाळी बॅटरीही खाते, आणि टपावरच्या सौर पट्ट्यांनाही ऊनच लागते. बहुधा दादाच जिंके. मुक्कामाच्या तळांवर वाय-फायच्या पाट्या असतात खऱ्या. पण एकच जोडणी शंभर गाड्यांत वाटली जाते, तेव्हा रात्री त्यावर एक चित्रही धड उतरत नाही.

कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानातील फ्रूटा येथे सारेच थकले. मॉर्मन वसाहतकारांनी लावलेल्या फळबागा, भोवती तांबडे उंच कडे, जागा अप्रतिम. मनोरा कोणत्याही कंपनीचा नाही, थाळीच्या वाट्याला पाने आणि कडा. साडेआठ वाजून गेले. मग टॉरी गावाच्या दिशेने गाडी काढली. फोन लागला तेव्हा वाईत रात्रीचे साडेनऊ झाले होते.

"अगं, जेवलीस का?" मी विचारले.

"जेवते आता. फोन वाजला नि मी आत असले तर? म्हणून उठले नाही इथून."

तिने एवढेच म्हटले. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' आपण त्यांच्या डोळ्यांनी वाचतो, शिकवतो. झाशी, लक्ष्मीबाई, लूटमार. वरसईत मागे राहिलेल्यांचे दिवस कसे गेले असतील, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. या वर्षी मी तो काढणार आहे.

त्या दिवसापासून दादाने रीत बदलली. आदल्या रात्रीच सकाळच्या फोनची जागा ठरवायची, आणि जेथे खात्री नाही तेथून निघण्यापूर्वी शेजारच्या काकूंना निरोप ठेवायचा: उद्या फोन नाही, आईंना जेवायला बसवा. हा निरोप साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा भरवशाचा ठरला.

पुढे ॲरिझोनातील पेज गावी नवेच प्रकरण. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करते, आणि ॲरिझोनाच्याच हद्दीतील नवाहो प्रदेशही करतो. सीमेवरचा फोन ज्या मनोऱ्याची लहर पकडेल त्याची वेळ दाखवतो. टेबलावर शेजारी ठेवलेल्या आमच्या दोन फोनांत एक तासाचे अंतर होते. शेवटी दादाने तिसऱ्या फोनवर वाईची वेळ कायमची लावून तो ओट्यावर टेकवून ठेवला, आणि पुढचे पाच दिवस आम्ही चहासुद्धा त्या घड्याळावर केला.