येणे आणि असणे

'समाजसेवक' हा शब्द मराठीत आता जवळजवळ निकामी झाला आहे. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फलकांनी तो वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकला. 'सामाजिक कार्यकर्ता' म्हणावे तर डोळ्यांसमोर मोर्चा आणि धरणे येते. ज्यांनी समाजकार्य या विषयाची रीतसर पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि ज्यांच्या नावापुढे शासकीय रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक' असे भारदस्त पदनाम लागते, त्यांची ओळख लोकांच्या लेखी 'बिल कमी करून देणाऱ्या बाई' एवढीच असते. अशा व्यक्तीने मनावर उपचार करावेत ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. मन म्हटले की डॉक्टर, फार तर मानसशास्त्राचे कोणी पदवीधर. समाजकार्याची पदवी घेतलेल्याचा तिथे काय संबंध?

वास्तविक हा संबंध आपल्याकडेही जुना आहे. समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ साली निघाली; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याची स्वतंत्र व्याख्याही आहे. परंतु कायद्यातली व्याख्या आणि लोकांच्या मनातले चित्र यांची गाठ पडायला आपल्याकडे फार वेळ लागतो. असो.

आम्हाला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते मायकेल व्हाइट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराचे. जन्म १९४८चा, कामगार वस्तीतल्या कामगार कुटुंबात. प्रारंभी त्यांनी यंत्रांची आणि विजेच्या जोडण्यांची रेखाटने करणारा आरेखक म्हणून नोकरी केली. पुढे ते कल्याण खात्याच्या कामाकडे वळले, १९७९ मध्ये समाजकार्याची पदवी घेतली आणि ॲडलेडच्या बालरुग्णालयात मनोविकार विभागात समाजकार्यकर्ता म्हणून काम करू लागले. १९८३ मध्ये पत्नी शेरिल यांच्यासह त्यांनी 'डलविच सेंटर' सुरू केले, आणि न्यूझीलंडमधले त्यांचे मित्र डेव्हिड एप्स्टन यांच्या साथीने जी उपचारपद्धती उभी केली तिला पुढे 'नॅरेटिव्ह थेरपी' असे नाव मिळाले. एप्रिल २००८ मध्ये सॅन दिएगो येथे अध्यापनासाठी गेले असता त्यांचा मृत्यू झाला.

या चरित्रातली एक लहानशी गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. २००७च्या आपल्या अखेरच्या ग्रंथाला व्हाइट यांनी नकाशांचे नाव दिले, आणि प्रस्तावनेत स्वतःच्या लहानपणाविषयी लिहिले. मुलाला नकाशांचे वेड. दहाव्या वाढदिवसाला मिळालेल्या सायकलवरून तो आपल्या वस्तीबाहेर पडला आणि त्याच शहरात माणसे किती निराळ्या रीतीने जगतात हे त्याने प्रथम पाहिले. पुढच्या सगळ्या विचाराचे बीज आम्हाला या सायकलफेरीत दिसते. ज्याने एकाच शहरातल्या दोन वस्त्या सायकलवरून पाहिल्या, तो एखाद्या माणसाच्या दुःखाचे मूळ त्या माणसाच्या कवटीत शोधत बसणार नाही. तो आधी विचारील, हा राहतो कुठे, याला नावे कोणी ठेवली, आणि ती ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? वैद्यकाची नजर आत जाते, समाजकार्याची भोवती फिरते. व्हाइट यांनी ही भोवती फिरणारी नजर उपचाराच्या खोलीत आणली, हे त्यांचे खरे काम असे आमचे मत आहे.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. मानसोपचार हा आमचा प्रांत नव्हे. व्हाइट यांच्यापर्यंत आम्ही पोचलो ते आमच्या मुलीमुळे. काही वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची असताना, बदलीमुळे आमचे गाव सुटले, शाळा बदलली, आणि महिन्याभरात तिने शाळेत जाणे थांबवले. सकाळी गणवेश अंगावर चढवला की पोट दुखायचे. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, सोनोग्राफी झाली, पोटात काहीही निघाले नाही. घरात आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे निदान एकच होते: पोरगी भित्री आहे. शेवटी एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला पाहून शेजारच्या खोलीतल्या समाजसेवा अधीक्षक बाईंकडे पाठवले.

खोली कसली, लोखंडी कपाटांनी पाडलेला एक आडोसा होता. बाईंनी पहिला प्रश्न मुलीला विचारला, "पोटात नेमकं काय होतं गं?" मुलगी म्हणाली, "गोळा येतो." आम्ही वाक्प्रचार शिकवणारी माणसे, तो आम्ही ऐकला आणि सोडून दिला. बाईंनी सोडला नाही. गोळा कुठून येतो? रविवारी येतो का? केवढा असतो, लिंबाएवढा की नारळाएवढा? त्याला शाळेतलं कोण आवडत नाही? तो आला की तो तुला काय करायला लावतो? आईबाबांना काय करायला लावतो? मुलगी प्रथम बुजली, मग तिला गंमत वाटू लागली. गोळ्यामुळे आईबाबा भांडतात, अशी माहिती तिने परस्पर पुरवली. अखेर बाईंनी विचारले, "एखाद्या दिवशी तो यायला निघाला आणि तू त्याला येऊ दिलं नाहीस, असं कधी झालंय?" बराच वेळ विचार करून मुलीने सांगितले, चित्रकलेच्या तासाला एकदा तो दारापर्यंत आला होता.

हा प्रश्न बाईंचा स्वतःचा नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. व्हाइट यांनी १९८४ मध्ये लहान मुलांच्या एका अवघड तक्रारीवर, कपड्यांत शौचास होण्यावर, एक लेख लिहिला होता. पुढे एप्स्टन यांच्यासह लिहिलेल्या १९९०च्या ग्रंथात सहा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत आली. त्या मुलाच्या शौचालाच एक लबाड, दबा धरून बसणारे पात्र करून टाकले आहे. त्या पात्राने आईला आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटायला लावले होते आणि बापाला लाजेने मित्रांपासून तोडले होते. आता अख्खे कुटुंब एका बाजूला आणि ते पात्र दुसऱ्या बाजूला झाले. माणूस आणि त्याची अडचण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे उपदेशाने न सांगता प्रश्नांच्या रचनेतूनच सिद्ध करायचे, ही यातली युक्ती. अडचणीचे राज्य जिथे चालले नाही अशा क्षणांना व्हाइट यांनी दिलेले पारिभाषिक नाव समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्याकडून घेतलेले आहे. चित्रकलेचा तास हा तसा क्षण होता.

बाईंनी दिलेल्या छायाप्रती वाचताना आमच्यातला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला. इंग्रजीत माणूस रागावलेला किंवा घाबरलेला 'असतो'. भावना हे त्याचे विशेषण होते आणि क्रियापद 'असणे'चे. मराठीत मात्र मला राग येतो, तिला रडू कोसळते, त्याला कंटाळा येतो, आम्हाला भीती वाटते. वाक्यात माणूस चतुर्थीत मागे उभा, आणि प्रथमेत, कर्त्याच्या जागी, भावना. तीच येते, तीच जाते. क्रियापदही तिच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. व्हाइट यांना इंग्रजीशी झगडून जे वेगळेपण घडवावे लागले, ते आपल्या भाषेत रोजच्या बोलण्यात पडून आहे. पण आपल्याकडे 'येणे'च्या शेजारी 'असणे'ही टपून बसलेले असते. मुलाला दोनदा राग आला की तो 'रागीट' होतो. गणित एकदा चुकले की 'ढ'. भित्री, रडूबाई, आळशी, घुमा. मराठीतली ही विशेषणे चटकदार आहेत आणि म्हणूनच ती चिकटतात. 'भीती येते' या वाक्यात भीती निघून जाण्याची सोय आहे. 'भित्री आहे' या वाक्यात ती नाही.

यावर एक आक्षेप आम्हीच बाईंसमोर ठेवला. अडचणीला माणसापासून वेगळे काढण्याची कला आपल्याला नवी थोडीच आहे? अंगात येते, बाधा होते, झपाटले जाते, आणि मग मांत्रिक त्या आलेल्याशी बोलतो, त्याला नाव विचारतो, झोडपतो. त्या झोडपण्याला आळा घालायला या राज्याला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. बाईंचे उत्तर नेमके होते. मांत्रिक बाधेशी बोलतो, पेशंटला गप्प बसवतो. इथे बोलायचे पेशंटशी. गोळा हाकलायचा, त्याच्याशी तह करायचा की त्याला दप्तरात घालून शाळेत न्यायचा, हे ठरवणार मुलगी. दुसरी गोष्ट जबाबदारीची. दारूच्या नशेत बायकोला मारणारा नवरा 'माझ्या हातून राग हे करवतो' म्हणू लागला तर ते मान्य करायचे का? ॲडलेडमध्येच ॲलन जेंकिन्स यांनी अशा पुरुषांबरोबर काम केले आणि १९९०च्या त्यांच्या पुस्तकाचा सगळा भर जबाबदारी स्वीकारण्यावर आहे. हिंसा बाहेरून आलेली पाहुणी ठरवायची नाही. तिला पाठीशी घालणाऱ्या समजुती वेगळ्या काढायच्या.

व्हाइट यांच्या विचारामागे मिशेल फूको आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला चटकन जाणवते. माणसाची नोंद करणे, वर्गवारी लावणे, फाइल उघडणे ही सत्तेचीच रीत आहे, हा फूकोंचा मुद्दा व्हाइट यांनी फार व्यवहारी रीतीने वापरला. फाइल जर माणसाला लहान करत असेल, तर त्याला मोठे करणारा कागद का असू नये? म्हणून हे दोघे मित्र आपल्याकडे येणाऱ्यांना पत्रे लिहीत. मुलांना राक्षस माणसाळवल्याबद्दल आणि भीती पकडल्याबद्दल प्रमाणपत्रे देत. मराठीत यासाठी 'दाखला' हा शब्द आयताच आहे. जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा असे दाखले मिळवण्यात आपले आयुष्य जाते, आणि त्यातला एकही आपण स्वतः ठरवलेल्या गोष्टीचा नसतो.

आमच्या मुलीला बाईंचे पत्र आले ते रुग्णालयाच्या एका छापील अर्जाच्या कोऱ्या पाठीवर. त्यात कौतुक नव्हते. चित्रकलेच्या तासाला तू दारातच कसे थांबवलेस हे मला अजून नीट समजले नाही, पुढच्या वेळी सांगशील का, एवढीच विचारणा होती. त्या 'पुढच्या वेळी' आम्हाला कोपऱ्यात बसवून फक्त ऐकायला सांगितले गेले. नंतर बोलायचे तेही ठरावीक: सल्ला नाही, शाबासकी नाही, तिच्या बोलण्यातले कोणते शब्द मनात राहिले आणि त्यांनी स्वतःचे काय आठवले एवढेच. ही रीत व्हाइट यांनी बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासावरून घेतली. कॅलिफोर्नियातल्या वृद्ध ज्यू लोकांच्या मंडळात माणसे एकमेकांसमोर आपली ओळख कशी मांडतात, हे मायरहॉफ यांनी लिहून ठेवले आहे. दोन प्राध्यापकांना शेरा न मारता पंधरा मिनिटे बसणे किती जड जाते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी पाहायला हवे होते! मुलगी पाच-सहा आठवड्यांनी शाळेत जाऊ लागली, प्रथम फक्त मधल्या सुट्टीपर्यंत. त्यात नव्या मैत्रिणीचा वाटा किती, आमच्या गप्प बसण्याचा किती आणि बाईंचा किती, हा हिशेब आम्ही मांडलेला नाही.

या पद्धतीतले आम्हाला सर्वस्वी पटलेले नाही ते 'कथा' या शब्दावरचे तिचे प्रेम. कथा शिकवणाऱ्याला ठाऊक असते की आयुष्य कथेसारखे नसते, आणि काही दुःखांना कथन नकोच असते. १९७८ मध्ये आलेल्या 'बलुतं'मध्ये दगडू आणि दया पवार समोरासमोर बसतात, एक सांगतो, दुसरा ऐकतो. पण सांगून झाल्यावर जात गावाबाहेर निघून जात नाही. तिला 'गोळा' म्हणून भागत नाही. मात्र व्हाइट यांनाही हे कळत होते, असे म्हणावेसे वाटते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे पोलीस कोठडीत आणि तुरुंगात झालेले मृत्यू तिथल्या शाही आयोगाने १९८७ ते १९९१ या काळात तपासले. मृतांच्या कुटुंबीयांसाठी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी आरोग्य परिषदेबरोबर डलविच सेंटरने जे काम केले त्याचा वृत्तांत १९९५ मध्ये छापला गेला. तिथे अन्यायाला अन्यायच म्हटले आहे, आणि त्यामुळे आलेल्या दुःखाला आजार म्हटलेले नाही. हा फरक करायला समाजकार्याची दीक्षा लागते.

मुंबईत 'उम्मीद' ही संस्था विकासविषयक अडचणी असलेल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर याच वाटेने काम करते. मराठीत मात्र या विषयावर अजून फारसे लिहिले गेलेले नाही, आणि लिहायचे तर परिभाषेपासून अडते. बाईंनी आम्हाला एकदा विचारले होते, या पद्धतीला मराठीत काय म्हणावे? आम्ही उत्साहाने 'कथनोपचार' सुचवले, संधी सोडवून दाखवला. त्यांनी तो वहीच्या शेवटच्या पानावर टिपून घेतला आणि म्हणाल्या, "अहवालात लिहीन, सर. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजींना मी 'काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा' असंच म्हणणार."