चार बिऱ्हाडांचा मालक

मराठी माणूस जन्मतः भाडेकरू असतो. चाळिशी उलटली की मात्र त्याला घरमालक होण्याची स्वप्ने पडू लागतात. मला ती पडत नव्हती, म्हणून माझ्या वाटची आमच्या मेहुण्यांना पडली.

"भावोजी, सदाशिव पेठेत चार बिऱ्हाडांचा वाडा निघालाय. घ्या, आणि आरामखुर्चीत बसून भाडं खा!"

बँकेतला कारकून खुर्चीआधी आकडे मागतो. मी मागितले. पुढचे बिऱ्हाड २५ रुपये, मागचे २०, माडीवरचे ३० आणि जिन्याखालचे १५. एकूण महिना ९० रुपये! १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या खुंटीला बांधली, ती तिथेच रवंथ करीत बसली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ९० रुपयांवर ४ टक्के म्हणजे ३ रुपये ६० पैसे. तेही चार बिऱ्हाडांत मिळून. वसुलीला गेलेल्या माणसाचा चहासुद्धा यात बसत नाही. शिवाय कौले गळली की दुरुस्ती मालकाची, आणि भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू!

तरी वाडा पाहायला गेलो. विकणारे मालक स्वतः कोथरूडला अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. दर वर्षी टेम्पो बोलावतात आणि ट्रंका हलवतात. इकडे त्यांच्या २५ रुपयांच्या बिऱ्हाडात आजी लग्न होऊन आल्या, त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिथेच आहेत.

"तुम्ही पाचवे," आजी चहा देत म्हणाल्या. "काय होतं कोण जाणे, आमच्याकडे मालक टिकत नाहीत!"

मेहुणे तुळईला दिलेला टेकू प्रेमाने ठोकून पाहत होते. कानाशी लागून म्हणाले, "भाड्याचं मनावर घेऊ नका. हा पडला की सोनं!"

मी वर पाहिले. त्या तुळईच्या बरोबर खाली आजींची कॉट होती.

वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवला होता. त्याची वाट पाहत बसायला शिकवले नव्हते. पैसे मुदत ठेवीतच राहिले. व्याज बेताचेच आहे. पण तिथे मुदत पैशाची संपते, माणसाची नाही.