कासाडीचा रोजमेळ

वाशीच्या दाणा मार्केटात एका आडत्याच्या पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहिते आहे. आता बरंचसं काम संगणकावर गेलं, तरी आमच्या शेठजींचा लाल पुठ्ठ्याचा रोजमेळ अजून चालू आहे. त्याचा नियम एकच. बाजार बंद असो, दिवसभरात एक पोतंही हललेलं नसो, त्या दिवसाची तारीख घालायची, कालची शिल्लक ओढायची आणि खाली रेघ मारायची. कोरं पान सोडायचं नाही. हा नियम पुढे मला तळोज्याच्या नदीकाठी उपयोगी पडला, त्याची ही हकिकत.

सिडकोच्या सोडतीत आम्हाला तळोज्यात घर लागलं. काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलेल्या माणसाला दोन खोल्या आणि समोर डोंगर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पहिल्याच थंडीत मात्र रात्री अकराच्या सुमाराला खिडकीतून वास येऊ लागला. कधी कुजलेल्या अंड्यासारखा, कधी जळक्या रबरासारखा, तर कधी नुसता गोडसर आणि घशाला खवखव लावणारा. मिस्टरांनी आधी बाथरूमची मोरी धुतली. मग कळलं, सगळ्या इमारतीला तोच वास येतोय. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली जे सोडलं जाईल ते तिथंच कोंडून राहतं. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बाराला संतापाचे पन्नास मेसेज यायचे. सकाळी प्रत्येकाला कामाची गाडी पकडायची असायची. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि माझीही सकाळ तिच्या वेळेला बांधली गेली. रात्रीचा राग मेट्रोच्या दारातच राहायचा.

तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली, त्यांचे फोटो जगभर गेले. अंगाला कारखान्याचा रंग लागून पांढरं कुत्रं निळं झालेलं होतं. या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हेही ऐकून होते. पण प्रत्यक्ष नदी मी पाहिली ती एका डिसेंबरातल्या रविवारी, स्वच्छता मोहिमेत. शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. हातमोजे, टोप्या, बॅनर, चहा, सगळं होतं. तिवरांच्या मुळांत अडकलेलं प्लॅस्टिक आणि निर्माल्य आम्ही पोत्यांत भरलं. दमलो, पण मनाला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं खोटं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा मोहिमांना नावं ठेवणारे पुष्कळ असतात. त्या दिवशी मी गेले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पुलाखाली आम्ही चौघं भेटलो. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, एक रिक्षावाले भाऊ, कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढून निवृत्त झालेले एक काका आणि मी. पाण्यावर बोटभर जाडीचा तपकिरी फेस तरंगत होता. काका म्हणाले, "कचरा काढला ते चांगलंच झालं. पण या पाण्यात काय येतं, कधी येतं, हे कुणी लिहून ठेवलंय का?"

मी म्हटलं, "लिहायचं काम मला द्या."

त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही घेऊन रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, फेस, वास, पीएच, मेलेले मासे, पक्षी आणि शेवटी हजर माणसांच्या सह्या. पीएचचा कागद शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणला. पिवळट पट्टी असते. टोक पाण्यात बुडवायचं, झटकायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी उजेडात जुळवून पाहायचं. हिरवा रंग म्हणजे सातच्या आसपास. नारिंगीकडे गेला तर आम्ल, निळ्याकडे गेला तर अल्कली. एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे काकांनी समजावून सांगितलं. आंघोळीच्या पाण्यासाठी साडेसहा ते साडेआठ ही मर्यादा ठरलेली आहे. वासाच्या रकान्याची शिस्तही त्यांचीच. पुलाखाली उतरल्यावर पहिल्या दोन मिनिटांत वास लिहायचा. नंतर नाक सरावतं आणि खरं सांगत नाही.

दर रविवारी सकाळी सात. दोन महिने झाले आणि वहीत काहीतरी दिसू लागलं. एका रविवारी पाणी काळपट, फेसाळ, वास तीव्र. पुढच्या रविवारी पाणी बरंच निवळ, वास जेमतेम. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा वाईट. एक आड एक. आम्ही हरखून गेलो. कुणीतरी दर पंधरवड्याला सांडपाणी सोडतंय, असा आमचा पक्का समज झाला. कॉलेजच्या मुलीनं आलेख काढला, तक्रारीचा मसुदाही तयार केला.

काठावर एक आगरी नाना रोज बसायचे. पूर्वी ते या पाण्यात पाग टाकायचे. त्यांना आम्ही आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, मग विचारलं, "तिथी कुठं लिवलीस?"

तिथी आम्ही लिहिलीच नव्हती.

नानांनी बोटांवर हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहा-सातला ओहोटी. दर सात दिवसांनी गणित उलटं होतं. एका रविवारी सातला खाडी भरलेली, समुद्राचं पाणी आत शिरलेलं, म्हणून नदी चांगली दिसते. पुढच्या रविवारी त्याच वेळी खाडी रिकामी, मग नदीचं स्वतःचं पाणी दिसतं. उधाण कोणतं, भांगाची भरती कोणती, हे सगळं त्या काठावरच्या प्रत्येक जुन्या माणसाला पाठ आहे. आम्ही आठ आठवडे नदी मोजत होतो आणि प्रत्यक्षात चंद्र मोजला होता.

मसुदा आम्ही फाडला. त्या दिवशी तो कुठल्या कार्यालयात पोचला असता तर आमच्या शब्दाला पुढे कधी किंमत राहिली नसती. आणि एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली. आम्ही एकदाच आलो असतो, किंवा मन होईल तेव्हा आलो असतो, तर आमची चूकही कधी सापडली नसती. सलग आठ रविवार होते म्हणून नानांना ती एका नजरेत दिसली. वहीत तिथीचा रकाना वाढवला. त्याच्या शेजारी नाना काय म्हणाले ते लिहायला थोडी जागा ठेवली. जिताडा, बोईट, चिंबोऱ्या, निवट्या, कुठल्या महिन्यात काय मिळायचं आणि ते कधीपासून मिळेनासं झालं, हे त्या जागेत उतरत गेलं.

यापुढे जायचं ते ओहोटीलाच, असं ठरलं. इथे खरी अडचण सुरू झाली. ओहोटी काही रविवारी सकाळी सातला असते, काही रविवारी दुपारी एकला. मे महिन्यात दुपारी एकला चिखलात उभं राहायला कोण येणार? तोवर आम्ही चारांचे चौदा झालो होतो. उन्हाळ्यात सहा उरलो. एका रविवारी मी एकटी होते. पट्टी बुडवली, रकाने भरले, सहीच्या जागी एकच सही. त्या दिवशी मला रडू आलं, आणि दमल्यामुळे नव्हे.

तेव्हा मला आजी आठवली. ती कोरेगाव तालुक्यातली. तिच्या तोंडून मी लहानपणी मुष्टी फंडाबद्दल ऐकलं होतं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पोरांच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायका जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या. आजी म्हणायची, पोतं द्यायची आमची ऐपत नव्हती, मूठ द्यायची होती. एका मुठीनं कुणाचंच पोट भरत नाही. पण घरोघरी, दळणादळणाला ती मूठ पडत राहिली आणि पोरं शिकली.

मी सगळ्यांना ओहोटीची वेळ मागणं सोडलं आणि मूठ मागू लागले. महिन्यातून एक रविवार, दीड तास. कोणता रविवार ते तुम्ही सांगा, पण सांगितलेला चुकवू नका. पाळ्या लावल्या, घरकामाच्या बायकांच्या लावतात तशा. जमणार नसेल तर बदली माणूस आपणच शोधायचा. सध्या आम्ही सतरा जण आहोत. दर खेपेला चौघं असतात. गेल्या सव्वा वर्षात एकही रविवार कोरा नाही.

कॉलेजची मुलगी पक्षीही मोजते. तिनं मला सांगितलं, १९०० सालच्या नाताळात उत्तर अमेरिकेत सत्तावीस माणसांनी शिकारीऐवजी पक्षी मोजायला सुरुवात केली, आणि ती मोजणी आजतागायत दरवर्षी चालते. कोणते पक्षी कमी झाले, कोणते उत्तरेला सरकले, हे शास्त्रज्ञ त्यावरून सांगतात. त्या सत्तावीस जणांतल्या कुणालाही आपण काय सुरू करतोय याची कल्पना नसणार. मला ही गोष्ट फार आवडते. तळोज्यात राहणारी, आज तान्ही असलेली कुणी मुलगी तीस वर्षांनी आमची वही उघडेल, असं मी मनापासून धरून चालते.

वहीचा उपयोग आत्ताही झाला. सुरुवातीला आम्ही एका कार्यालयात तोंडी तक्रार घेऊन गेलो होतो. समोरच्यांनी विचारलं, कधी? किती वाजता? किती वेळा? आमच्याकडे उत्तर नव्हतं. वर्षानं पुन्हा गेलो तेव्हा वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिपायाला बोलावून सगळ्या वहीची झेरॉक्स काढायला सांगितली. दहा दिवसांनी आम्ही दिलेल्या तिथीला, ओहोटीच्या वेळेला, नमुने घ्यायला माणसं आली. नदी स्वच्छ झाली असं मी लिहिणार नाही, वहीत तसं नाही. पण फेसाचा रकाना गेल्या हिवाळ्यात आधीच्या हिवाळ्यापेक्षा जास्त वेळा रिकामा आहे. एवढं मी सहीनिशी सांगू शकते.

तुम्ही तळोज्यात, नावड्यात, रोडपालीला, खारघरला राहत असाल तर आम्हाला तुमची गरज आहे, आणि ती वेगळ्याच कारणानं. आमची नाकं आता सरावली आहेत. दोन मिनिटांचा नियम पाळूनही काकांना आणि मला पूर्वीसारखा वास येत नाही. म्हणून वासाचा रकाना आम्ही नेहमी सगळ्यात नव्या माणसाला भरायला देतो. काही शिकून यायला नको, काही आणायला नको. जुनी चप्पल घाला, चिखलात गेली तर हळहळ वाटू नये. आणि तुमच्या भागात नदी नसेल तर तलाव असेल, अंगणवाडी असेल, रक्तपेढी असेल, एकट्या राहणाऱ्या आजी असतील. तिथे तुमचा एक वार ठरवा आणि तो त्यांना कळू द्या.

मागच्या पावसाळ्यानंतर मला डेंग्यू झाला, दोन रविवार मी जाऊ शकले नाही. तिसऱ्या खेपेला वही हातात घेतली तर एक ओळ लहान मुलाच्या अक्षरात होती. आमच्या इमारतीतली एक ताई पाळीला येते, तिचा दहा वर्षांचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आला होता. सगळ्यात नवा म्हणून वासाचा रकाना त्याला दिलेला. त्यानं लिहिलं होतं, "पप्पा कामावरून येतात तसा."

त्याची आई घाबरली होती. नवरा कंत्राटी कामगार, तिसऱ्या पाळीला. पान फाडावं का, असं तिनं विचारलं. आम्ही सगळे बसलो, बोललो. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरची चूल त्या कारखान्यांवर पेटते. वहीत आम्ही कुठल्याही कारखान्याचं नाव लिहीत नाही, पाणी जसं दिसेल तसं लिहितो. पान तसंच ठेवायचं ठरलं.

दोन महिन्यांनी, वद्य द्वितीयेच्या रविवारी, तो मुलगा पप्पांना घेऊन आला. ते रात्रपाळी करून परस्पर आले होते, पाठीला डब्याची पिशवी. पुलावर बराच वेळ उभे राहिले, मग खाली उतरले. मी वही पुढे केली. त्या दिवशी सगळ्यात नवा माणूस तेच होते. त्यांनी तारीख घातली, तिथी घातली, ओहोटी, वेळ ७.४०. वासाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. दोनदा खोल श्वास घेऊन म्हणाले, "ताई, मला काहीच येत नाही."

मग मुलाकडे वळून त्याला विचारलं आणि तो सांगत गेला ते त्यांनी लिहिलं. सहीची जागा त्यांनी रिकामी ठेवली. मी खाली रेघ मारली.