चिरुटाची पट्टी

उत्तरपत्रिकेवरील परीक्षार्थीचा क्रमांक झाकून ती परीक्षकाकडे पाठविण्याची विद्यापीठांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परीक्षक कितीही सज्जन असला तरी ओळखीचे नाव दिसताच त्याच्या लेखणीस थोडासा कल येतो, हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान तिच्या मुळाशी आहे. गुणांच्या बाबतीत घेतली जाणारी ही दक्षता चवीच्या बाबतीत मात्र सहसा कोणी घेत नाही. आंबा देवगडचा आहे असे ऐकले की तो चाखण्यापूर्वीच अर्धा गोड होतो. गवयाचे घराणे कळले की त्याचा पहिला षड्जच भारदस्त वाटू लागतो. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांवरील अभिप्रायांची चिकित्सा १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात प्रसिद्ध केली. जॉन डन आणि हॉपकिन्स यांच्या कविताही त्या परीक्षेत पुष्कळांनी नापास केल्या. हा ग्रंथ आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. तोच प्रयोग धुरावर करून पाहण्याची संधी गेल्या हिवाळ्यातील एका शनिवार-रविवारी आम्हांस मिळाली.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशाहून येताना दोन जातींचे चिरूट आणले होते. चिरूट ही काही पथ्याची वस्तू नव्हे. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवून सोडला तरी मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचे भय टळत नाही, आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. म्हणून वर्षातून तीन-चार वेळांपलीकडे आम्ही जात नाही, आणि या खेपेसही प्रत्येक चिरूट अर्धाच ओढावयाचा असे ठरविले.

एक चिरूट क्यूबाचा, माँतेक्रिस्तो. दुसरा निकाराग्वातील एस्तेली गावचा. लांबी-जाडीस दोघेही जवळजवळ सारखे, आणि नातेही जवळचे. क्यूबाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा टापू आहे. तेथील तंबाखूस जगात फार मोठा मान आहे. १९६० साली क्यूबाच्या सरकारने हा धंदा ताब्यात घेतला तेव्हा त्यातील अनेक घराण्यांनी देश सोडला, आणि क्यूबाच्या बियाण्यावर होंडुरास, निकाराग्वा, डोमिनिकन प्रजासत्ताक येथे शेते पिकू लागली. १९६२ साली अमेरिकेने क्यूबाच्या मालास दार बंद केल्यावर या शेतांस बाजारपेठही लाभली. बी एक, माती निराळी. तुलनेस याहून चांगली जोडी कोणती?

चांगला चिरूट तीन थरांचा असतो. पोटात दुमडलेली पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवर नितळ वेष्टन. पोटातील पानेही झाडाच्या निरनिराळ्या उंचीवरची. खालची सहज जळतात, मधली सुगंध देतात, आणि शेंड्याजवळची, ऊन खाऊन जाड झालेली पाने कडकपणा आणतात. वाळलेल्या पानांच्या राशी रचल्या म्हणजे त्या आपोआप तापतात, आणि त्या उबेत अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. ही शेवटची माहिती आमचे शेजारी, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, यांनी पुरविली; प्रयोगातील दुसरे परीक्षक तेच.

शनिवारी सायंकाळी गच्चीवर बसून, पट्ट्या जागच्या जागी ठेवून, आम्ही दोघांनी दोन्ही चिरूट ओढले व आपापल्या वहीत टिपणे केली. क्यूबाच्या चिरुटावर आमच्या दहा ओळी झाल्या, निकाराग्वाच्या चिरुटावर चार. दहा ओळींना कारणही तसेच होते. पट्टीवरील नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून १९३५ साली घेतलेले. शिवाय १८६५ साली हॅव्हानाच्या एल फिगारो कारखान्यात चिरूट वळणाऱ्या कामगारांपुढे मोठ्याने वाचन करण्याची प्रथा सुरू झाली. वाचकाचे वेतन कामगारच आपल्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने तिजवर बंदी घातली, तथापि ती प्रथा मेली नाही, पुन्हा उभी राहिली. हात पानावर आणि कान कथेवर अशा रीतीने जेथे काम चालले, तेथला चिरूट वाङ्मयाच्या अध्यापकाने निर्विकारपणे कसा ओढावा?

रविवारी आमच्या सौभाग्यवतींनी परीक्षा-नियंत्रकाचे काम पत्करले. पट्ट्या काढून त्यांनी एका चिरुटास एका गाठीचा दोरा बांधला, दुसऱ्यास दोन गाठींचा, आणि उत्तर पाकिटात घालून ते चिकटविले. ‘अहो, पाकीट उजेडाला धरून बघायचं नाही हं,’ अशी तंबीही दिली. वेष्टनाच्या रंगावरून ओळख पटू नये म्हणून दिवे मालविले. टिपणे झाल्यावर अखेरीस अंदाज लिहावयाचा होता. पाकीट फोडले तेव्हा दोघांचेही अंदाज बरोबर निघाले. निकाराग्वाच्या धुरातील काळ्या मिरीचा झणका लपत नाही. पण टिपणे ताडून पाहता निराळीच मौज दिसली. क्यूबाच्या वाट्यास या वेळी सहा ओळी आल्या होत्या, आणि निकाराग्वाच्याही वाट्यास सहाच.

शनिवारच्या अधिक चार ओळी कोणाच्या? अर्थात् पट्टीच्या. त्यांत खोटे असे काहीच नव्हते. द्यूमा खरा, एल फिगारो खरा. कविता कोणी, कोठे, कोणत्या हालअपेष्टांत लिहिली हे कळल्याने ती अधिक खोल होते, हे आम्ही आजही मानतो. ज्ञानाने रस वाढतो. परंतु त्याच पट्टीबरोबर किंमतही येते. आणि ज्ञानाने वाढलेला रस कोणता व किमतीने फुगलेला कोणता, हे पट्टी जागेवर असेपर्यंत निवडता येत नाही.

तिसरा चिरूट पट्टीवाचूनच जन्मास आला होता. तो आमच्या मित्रांनी दिंडिगलहून आणलेला. ‘चिरूट’ हा शब्दच मुळी तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, यापासून निघालेला. त्रिचनापल्लीकडील चिरूट एके काळी विलायतेत इतके परिचित होते की १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कथेत शेरलॉक होम्स ते राखेवरून ओळखतो. हा मात्र दोन्ही तोंडांनी उघडा, ओबडधोबड आणि किमतीने किरकोळ. त्याच्याविषयी ऐकीव स्तुती आमच्यापाशी नव्हती, म्हणून शब्दही उसने मिळेनात. पहिल्या दोघांविषयी आम्ही ‘देवदार, कोको, चामडे’ असे लिहिले होते. ‘प्राध्यापकमहाशय, चामडे आपण केव्हा चाखलेत?’ असे मित्रांनी विचारले. वस्तुतः हे शब्द विलायती सूचिपत्रांतले; तेही पट्टीबरोबरच आलेले. दिंडिगलच्या चिरुटाविषयी आम्ही लिहिले : सुगीनंतर बांधावर पेटविलेला पाचोळा, भट्टीतले फुटाणे, आणि अखेरीस घोंगडीचा खरखरीतपणा. तीनच ओळी, पण त्या ऐकून मित्र म्हणाले, ‘हा मला न ओढताही कळला असता.’

गुणानुक्रम विचाराल तर क्यूबाचा चिरूट अंधारातही पहिलाच आला. त्याची चव दर बोटभर अंतरावर पालटत गेली. दिंडिगलचा चिरूट आरंभापासून अखेरपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिला. परंतु ती गोष्ट आम्ही आमच्या भाषेत ऐकली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

मिल्टनविषयी ‘भव्य’ आणि कीट्सविषयी ‘रसरशीत’ असे न चुकता लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी आमच्या वर्गात येतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या लेखणीतून देवदार आणि चामडे बोलत असते. येत्या वर्षाच्या पहिल्या तासास कवीचे नाव न सांगता एक कविता फळ्यावर लिहावी, आणि ही ठरीव विशेषणे वर्ज्य करून तिच्यावर प्रत्येकी तीन ओळी मागाव्यात, असा आमचा विचार आहे. नाव दुसऱ्या तासास सांगू. ते सांगितल्यावाचून ती कविता पुरती शिकविली असे होणार नाही.