भाताविना कोळंबी

सागरकाठच्या माणसाला भाताविना मासळी म्हणजे देवावाचून देव्हारा! पण यजमानांना मधुमेह जडला आणि रात्रीचा भात त्यांच्या पानातून गेला. तेव्हापासून भाईंदरच्या बाजारातून उत्तनची कोळंबी आणते. सोलून, काळा दोरा काढून तिला हळद, मीठ नि आगळ लावते. तापल्या कढईत लसूण व ढोबळी मिरची परतून वर ती टाकली, की 3-4 मिनिटांत तांबूस होऊन वाकते. अधिक ठेवावी तर चिवट होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा भिजवलेले सोडे तिची जागा घेतात.

मुलांनीही रात्रीचा भात आपण होऊन सोडला. पथ्य एकाचे असले, तरी पंगत साऱ्यांची असावी. एकट्याच्या पानातले पथ्य ही शिक्षाच होय.