दोन कागद

ती. ताईस,


तुझ्या पत्रातला प्रश्न गेले आठ दिवस डोक्यातून जात नाही. ज्यांचं स्वतःचं अंगसुद्धा दुसऱ्याच्या मालकीचं, त्यांनी कुणाला जीव लावायचा तरी कशाच्या भरवशावर? उद्या तोच माणूस बाजारात विकला जाणार असेल तर? यावर मला, गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या आठवणींतली एक सकाळ तुला सांगायची आहे.

१८३६ सालचा ईस्टर जवळ आलेला. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये फ्रीलँड नावाच्या माणसाचं शेत होतं. डग्लस अठरा वर्षांचा, मालकाने त्याला तिथे भाड्याने दिलेला. हेन्री आणि जॉन हॅरिस हे भाऊ त्याच शेतावरचे गुलाम. डग्लसने त्यांना अक्षरं शिकवली आणि बघता बघता रविवारच्या त्या चोरून भरणाऱ्या शाळेत चाळिसाच्या वर माणसं यायला लागली. सापडले तर चाबूक, तरी यायची. या सोबत्यांइतकी माया मी कुणावर केली नाही, अशा अर्थाचं डग्लसने पुढे लिहिलंय. एकट्याने पळायचं त्याच्या मनातच आलं नाही. होडीतून चेसापीकच्या खाडीने उत्तरेला जायचं ठरलं आणि प्रत्येकासाठी डग्लसने मालकाच्या नावाने पास लिहिला: सुट्टीसाठी बाल्टिमोरला जायची परवानगी आहे म्हणून.

बेत फुटला. सकाळी शेतात खत पसरून सगळे न्याहारीला आले, तोवर घोडेस्वार दारात हजर. हेन्रीने हात बांधून घ्यायला साफ नकार दिला. छातीवर पिस्तुलं रोखली तरी हटला नाही. त्या झटापटीत डग्लसने आपला पास चुलीत टाकला. हेन्रीचा मात्र खिशातच राहिला. निघताना फ्रीलँडच्या म्हाताऱ्या आईने हेन्री-जॉनला बिस्किटं दिली (आपली चहाबरोबरची नव्हेत, छोट्या पावासारखी असतात ती) आणि डग्लसला शिव्या दिल्या. आमची पोरं तू बिघडवलीस म्हणून. तुरुंगाच्या वाटेवर हेन्रीने हळूच विचारलं, पासचं काय करू? डग्लस म्हणाला, बिस्किटाबरोबर खाऊन टाक. आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप गेला: काही कबूल करायचं नाही.

ताई, मालकिणीच्या हातच्या बिस्किटाबरोबर हेन्रीने मित्राचं अक्षर गिळलं, या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. त्या मुक्त करणाऱ्यांत मी आता या हेन्रीलाही धरते.

कुणीच तोंड उघडलं नाही. पण सुट्टी संपल्यावर मालक आले, बाकीच्यांना तुरुंगातून घरी घेऊन गेले आणि डग्लस कोठडीत एकटा उरला. या सगळ्या प्रकरणातल्या कशाहीपेक्षा ही ताटातूट त्याला जास्त लागली. पुढे तो बाल्टिमोरला आला. तिथून पळतानाही माणसं सोडून जाण्याचा हाच सल होता. मायेचे पाश नसते तर हजारो गुलाम पळाले असते, असं तो लिहितो.

दुसरा कागद त्याच बाल्टिमोरचा. एका खलाशी मित्राने आपला ओळखीचा दाखला डग्लसला दिला. डग्लस पकडला गेला असता तर दोघंही गोत्यात आले असते. त्यावरचं वर्णनही जुळत नव्हतं, डग्लसपेक्षा पुष्कळ काळ्या माणसाचं होतं. ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाच्या वेषात तो आगगाडीत बसला. तिकीट तपासणाऱ्याने कागदावर नुसती नजर टाकली आणि पुढे गेला. पदरचे पैसे मोडून त्याला बाहेर काढणारी ॲना मरे जन्माने स्वतंत्र होती, लोकांच्या घरी कामं करायची. तो न्यूयॉर्कला पोचताच ती मागोमाग गेली आणि १५ सप्टेंबरला दोघांचं लग्न झालं.

१८४५ च्या आठवणींच्या पुस्तकात डग्लसने आपण कसे पळालो ते सांगितलंच नाही. वाचक विचारत राहिले. गुलामी कायद्याने संपेपर्यंत त्याने त्या खलाशाचा दाखला छापील शब्दांत येऊ दिला नाही.

तुझी,
धाकटी